लांब स्क्रूची जागा

"दुकानात कोणी आहे का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न तिने किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. ती काउंटरमागे समोरच उभी असते. हातात स्क्रू ड्रायव्हर असतो, पुढ्यात एखादा लॅपटॉप पोट उघडं टाकून पडलेला असतो, आणि आलेला माणूस तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत विचारतो, कोणी आहे का. भिंतीवर एक कॅलेंडर आहे. ते लॅपटॉप दुरुस्त करत नाही.

त्या दिवशी विचारणारा माणूस पन्नाशीचा होता. शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक छोटी स्टीलची पट्टी. लॅपटॉप त्याने छातीशी असा धरला होता, जसं काही आजारी मूल. कोपऱ्यात स्टुलावर बसलेले बाबा दिसले आणि त्याच्या जिवात जीव आला.

"काका, जरा बघता का?"

"मी कंपाउंडर," बाबा म्हणाले. "डॉक्टर त्या. नाडी त्यांना दाखवा."

हा विनोद बाबा रोज करायचे. ती दर वेळी थोडी हसायची आणि थोडी जळायची. कारण खरी गोष्ट अशी होती की बाबांनी हा विनोद केल्याशिवाय निम्मी माणसं मशीन तिच्या हातात द्यायला तयार नसत. रेडिओ, टीव्ही, मग कॉम्प्युटर अशी चाळीस वर्षं बाबांनी या मार्केटच्या तळमजल्यावर काढली होती. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर, म्हणून सगळं मार्केट त्यांना टेस्टरकाका म्हणायचं. आणि तिला? टेस्टरची मुलगी. लॅपटॉपचं सगळं काम ती करते, बाबांना त्यातलं अर्धंही येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी टेस्टरची मुलगी ती टेस्टरची मुलगीच.

माणसाने नाइलाजाने लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. "मी नकाशे काढतो. घरांचे. मोठा नकाशा उघडला की हा गोठतो, बाण हलत नाही. आणि आता चार दिवस झाले, सकाळी सुरूच होत नाही. दिवा लागतो, पडदा काळा. त्या पलीकडच्याला दाखवला. तो म्हणाला मदरबोर्ड गेला, नवीन घ्या."

पलीकडचा म्हणजे गॅरंटीवाला. त्याच्या पाटीवर 'गॅरंटी' हा शब्द तीनदा होता आणि दुकानात एकदाही नव्हता. कुठलंही मशीन समोर आलं की तो आधी खोल श्वास घ्यायचा आणि मग मदरबोर्ड गेला असं सांगायचा. माणूस रडवेला झाला की, "बघतो, तुमच्यासाठी काही जमतंय का," म्हणायचा.

"दिवा लागल्यावर पंखा फिरतो?" तिने विचारलं.

"फिरतो."

"चार-पाच वेळा बंद-चालू केलं की मग एखाद्या वेळी लागतो?"

"हो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगताय की."

आधी बाहेरचं बघायचं, मग आतलं. ही बाबांची शिकवण. तिने आधी चार्जर तपासला, मग दुसरा पडदा जोडून पाहिला. तोही काळाच. मग मशीन उलटं केलं आणि खालचं झाकण उघडलं. दहा स्क्रू. आठ आखूड, आणि मागे बिजागरीच्या दोन कोपऱ्यांत दोन लांब. लांब स्क्रू काढायला नऊ वेढे लागतात, आखूडला चार. हे ती मोजत नाही, मनगट मोजतं.

बॅटरीची वायर काढून तिने मेमरीची पट्टी सोडवली. पट्टीच्या कडेचे सोनेरी दात काळपट झाले होते. दमट हवा, दुसरं काय. तिने ड्रॉवरमधून शाळेतलं पांढरं खोडरबर काढलं आणि दात हलक्या हाताने पुसले.

"खोडरबर?" नकाशेवाल्याने विचारलं, चेष्टा चालली आहे की काय अशा आवाजात.

"तुमचंच हत्यार आहे."

पट्टी परत बसवली, बटण दाबलं. पडदा उजळला. मदरबोर्ड मेला म्हणून ज्याला पोचवायला सांगितलं होतं, तो दोन मिनिटांत उठून बसला. नकाशेवाला पडद्याकडे बघत राहिला. मग पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे पाहिलं.

"आणि गोठण्याचं काय?"

"तुमच्या घरी नकाशाचं टेबल केवढं आहे?"

"चांगलं सहा फुटी."

"ते दोन फुटी केलं तर? एक कागद काढायचा, दुसरा गुंडाळून कपाटात, परत तो काढायचा. तसं चाललंय याचं. मेमरी म्हणजे टेबल. याला दुसरी खाच रिकामी आहे. आठ जीबीची पट्टी टाकते, जुनी चारची राहू दे. बारा होतील."

"टेबलच मोठं करा मग," तो म्हणाला. "सोमवारी मला पार्टीसमोर पूर्ण नकाशा उघडून दाखवायचाय. मागच्या वेळी त्यांच्यासमोर हा गोठला आणि काम गेलं. या वेळी गेलं तर ते लोक मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत."

तिने जुन्या पट्टीवरचे आकडे वाचले, त्याच जातीची नवी पट्टी काढली, तिरकी धरून खाचेत सरकवली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी टक केलं. तो आवाज तिला आवडायचा. जगात फार कमी गोष्टी आपण नीट बसलो असं स्वतःहून सांगतात.

मशीनने बारा दाखवले. नकाशेवाल्याने त्याचा सगळ्यात मोठा नकाशा उघडला आणि तो भराभर पुढे-मागे सरकवत राहिला.

"बाबा," तिने हाक मारली, "घ्या, तुमचं काम."

झाकण लावणं हे बाबांचं काम होतं. नजर शाबूत, पण बारीक जोडकाम आता जमत नाही, म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोल्डरिंगची गन तिच्या हातात दिली होती. मग मीटर दिला. शेवटी उरलं ते एवढंच. मशीन तयार झालं की बाबा स्टूल पुढे ओढायचे, झाकण बसवायचे, चुंबकाच्या ताटलीतून एकेक स्क्रू उचलायचे आणि लावायचे. पूर्वी ते कागदावर मशीनचा आकार काढायचे आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटवून ठेवायचे. तीच त्यांना हसली होती. "काय बाबा, रांगोळी काढताय?" चुंबकाची ताटली तिनेच आणली होती. सगळे स्क्रू एकत्र पडले तरी बाबांना फरक पडत नसे. ते न बघता, बोटांच्या चिमटीत धरूनच लांब-आखूड ओळखायचे.

बाबांनी स्क्रू लावले. नकाशेवाला खूश होऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दुकान उघडायच्या आधीच दारात उभा होता.

"परत मेलं," तो म्हणाला. "चालता चालता खटकन बंद. काम करताना हात टेकला की जातं. कधी तासाने, कधी पाच मिनिटांत."

तिचं तोंड पडलं. मशीन परत येणं म्हणजे काय ते या धंद्यातल्या माणसालाच कळतं. गिऱ्हाईक चार शब्द सुनावतं ते परवडतं. पण रात्रभर आपलं आपल्याला टोचत राहतं, त्याला औषध नाही.

पण नकाशेवाला तिच्यावर चिडलेलाच नव्हता. "मला माहितीये हे कुणाचं काम," तो म्हणाला. "त्या गॅरंटीवाल्याचं. तुमच्याआधी त्याने उघडला होता. मुद्दाम काहीतरी करून ठेवलं असणार, म्हणजे मी नवीन घ्यायला त्याच्याकडे जाईन. तुम्ही फक्त मला सांगा त्याने काय केलंय. संध्याकाळी येतो आणि त्याला भर मार्केटमध्ये सोलतो."

बाबा स्टुलावरून म्हणाले, "आधी बघू तरी द्या तिला."

तो गेला. तिने मशीन उलटं केलं. स्क्रू काढताना यावेळी तिने ताटली घेतली नाही, एका कागदावर ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवला. असंच वाटलं म्हणून. मागच्या डाव्या कोपऱ्यातला स्क्रू नुसताच फिरत होता, धरत नव्हता. सैल असेल म्हणून तिने सोडून दिलं.

उघड्या अंगाने मशीन मस्त चाललं. मेमरीची चाचणी लावली, दोन तास. एकही चूक नाही. पट्ट्यांची अदलाबदल केली, एक-एक काढून पाहिली, पंखा पाहिला, गरम होतंय का पाहिलं. काही नाही. मशीन शहाण्या मुलासारखं चालत होतं.

कागदावरचे स्क्रू जसेच्या तसे परत लावले. मशीन सुलटं केलं, मोठा नकाशा उघडला, डावा तळहात टेकवला. खटकन काळोख.

परत उघडलं. चाललं. परत बंद केलं. मेलं.

उघडं चालतं, झाकलं की मरतं. तिने हात पुसले. मग झाकण नुसतं ठेवलं, एकही स्क्रू न लावता. चाललं. पहिला स्क्रू लावला, मशीन उभं धरून दाबून पाहिलं. चाललं. दुसरा. तिसरा. बाबांच्या हातात चहाचा कप होता आणि तो बराच वेळ तोंडाकडे गेला नव्हता.

सातवा स्क्रू मधला होता, मेमरीच्या खाचेला लागून. त्याने शेवटचा वेढा घेतला आणि पडदा गेला.

तिने तो काढला. चार वेढ्यांत निघायला हवा होता. नऊ लागले. सकाळपासून लक्ष मेमरीवर होतं, मनगटाने मोजलंच नव्हतं.

ती तो स्क्रू चिमट्यात धरून बघत राहिली. लांब. बिजागरीचा. मधल्या आखूड भोकात घातलेला. भोकातून पार होऊन त्याचं टोक थेट बोर्डावर टेकत होतं. झाकण काढून भिंगाखाली पाहिलं. बोर्डावरचा हिरवा लेप खरवडला होता आणि तांब्याची एक बारीक रेष उघडी पडली होती. तुटली नव्हती, नशीब. हात टेकवला की टोक तिला शिवायचं, मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद व्हायचं.

आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे लांब हवा तिथे, आखूड स्क्रू नुसताच फिरत होता.

गॅरंटीवाल्यावर खापर फोडायला ही जागा किती सोयीची होती. पण तिला पक्कं आठवत होतं. परवा पहिल्यांदा तिने झाकण काढलं तेव्हा तो कोपऱ्यातला स्क्रू नऊ वेढ्यांनीच निघाला होता. मनगटाला आठवत होतं. गॅरंटीवाला खोटारडा होता, आळशी होता, पण स्क्रू त्याने बरोबर जागी लावले होते.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"बघते अजून," ती म्हणाली. "बोर्डावर काहीतरी घासलंय."

त्यांनी कप खाली ठेवला. ठेवताना कपाची कड टेबलाच्या काठावर आपटली. त्यांनी कपाकडे पाहिलं, जसं काही तोच चुकला.

तेव्हा तिला एक गोष्ट दिसली, जी गेले तीन महिने रोज समोर होती. बाबा टी-शर्ट घालत होते. जन्मभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा माणूस. ती चेष्टाही करायची, काय बाबा, कॉलेजात नाव घातलंय का. आणि टी-शर्टला खिसा नसतो. टेस्टर खिशात नव्हता, ड्रॉवरमध्ये पडला होता, खोडरबराशेजारी. आंधळेपणा म्हणजे दुसरं काय असतं?

ती बाहेर जिन्यापाशी गेली आणि घरी फोन लावला.

"आई, बाबा शर्ट का घालत नाहीत?"

आईने उलटच विचारलं, "तुला त्यांनी सांगितलं?"

"तू सांग."

"बटणं लागत नाहीत गं त्यांना. बोटांची टोकं बधिर झालीत, साखरेमुळे. आधी मी लावून द्यायचे, तर चिडायचे. मग टी-शर्ट आणले. डॉक्टर म्हणाले हे आता असंच राहील."

"मला का सांगितलं नाही?"

"तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, तिला कळलं तर ती माझं शेवटचं काम काढून घेईल. घरी बसवेल." मग आईने विचारलं, "बसवशील का?"

तिने फोन ठेवला. समोर गॅरंटीवाल्याच्या दुकानात एक बाई लॅपटॉप घेऊन उभी होती आणि तो खोल श्वास घेत होता.

दुपारी तिने बोर्डाची रेष साफ केली, त्यावर लेपाचा थेंब सोडला, वाळवला. स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी लावले, स्वतः. तासभर तळहात दाबून धरला. पडदा हलला नाही. बाबा स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. "लावू का मी?" असं त्यांनी विचारलं नाही. यापूर्वी असं कधी झालं नव्हतं.

तिच्या डोक्यात हिशेब सरळ होता. नकाशेवाल्याला खोटं सांगायचं नाही. गॅरंटीवाल्याच्या नावाने भर मार्केटात तमाशा होऊ द्यायचा नाही, तो कितीही लायक असला तरी. आणि बाबांचं नाव काढायचं नाही. मग उरतं काय? तिची चूक. सांगून मोकळं व्हायचं. तिचं नाव जाईल. जाऊ दे. बाईच्या हातात मशीन दिलं की असंच होतं, असं दोन-चार जण म्हणतील. ते तसंही म्हणतात.

संध्याकाळी नकाशेवाला बाह्या सरसावूनच आला.

"सांगा, काय केलंय त्याने?"

"त्याने काही केलेलं नाही," ती म्हणाली. "झाकण लावताना लांब स्क्रू आखूड जागी गेला. तो बोर्डाला लागत होता. माझी चूक. आता नीट केलंय, सोमवारी बिनधास्त घेऊन जा. परत काही झालं तर कधीही आणा."

नकाशेवाल्याचा चेहरा उतरला. भांडायला म्हणून सगळी तयारी करून आला होता, आणि भांडण भलत्याच दारात निघालं.

"म्हणजे तुम्ही?" तो म्हणाला. "मला लोक सांगतच होते. बाई माणूस, एवढं बारीक काम. मी म्हटलं जाऊ दे, खोडरबराने तर चालू केलं. शेवटी घोडं अडलंच."

तिने दात आवळले. हे तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं, तर गिळायलाही तिलाच हवं होतं.

"स्क्रू तिने नाही लावला."

बाबा उभे होते. स्टूल मागे सरकल्याचा आवाज तिला ऐकूही आला नव्हता.

"मी लावला," बाबा म्हणाले. "माझी बोटं मेलीत. लांब कुठला, आखूड कुठला, मला आता कळत नाही. तिला हे माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. तिने शोधून काढलं, दुरुस्त केलं, आणि आता वर शिव्या खातेय."

"बाबा, असू द्या."

"काय असू द्या?" बाबा तिच्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण तिने तो आवाज लहानपणानंतर ऐकला नव्हता. "गन घेतलीस, मी दिली. मीटर घेतलास, मी दिला. सगळं तुला दिलं, आनंदाने दिलं. पण माझी चूकसुद्धा तू घेणार? ती तरी माझ्या नावावर राहू दे. चाळीस वर्षं माझ्या चुका मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगितल्यात. आज काय मी एवढा गेलो, की चूक करायलाही तू लागतेस?"

आपण मोठं मन दाखवलं असं तिला दिवसभर वाटत होतं, आणि आता कळत होतं की आपण बापाला कपाटात ठेवून वर कुलूप लावत होतो.

नकाशेवाला मधल्यामध्ये अवघडून उभा राहिला. लॅपटॉप त्याने सुरू केला, नकाशा उघडला, हात टेकला, दाबला, परत दाबला. चालत होता. तेवढ्याने त्याला बोलायला बळ आलं.

"काका, राग मानू नका, पण तुम्ही मोजत का नाही?" त्याने खिशातली स्टीलची पट्टी काढून काउंटरवर ठेवली. "आम्ही बोटाने मोजायला लागलो तर एकाची भिंत दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात निघेल. माझा चष्मा बघा, काचेच्या बाटलीचं बूड आहे. पण पट्टी ठेवल्याशिवाय मी रेघ मारत नाही. तुम्ही चाळीस वर्षं अंदाजाने केलं, त्यातच सगळं आलं."

"अंदाज नव्हता तो," बाबा म्हणाले.

"असेल. आता तर आहे."

उद्धट माणूस होता. जाताना तिला म्हणाला, "मघाचं ते... बाई माणूस वगैरे. सोडून द्या." माफी मागायची त्याला सवय नसावी. तिने सोडलं नाही. "लक्षात ठेवीन," ती म्हणाली. पट्टी उचलून तो गेला, गॅरंटीवाल्याच्या दुकानावरून गेला, आणि गॅरंटीवाल्याने हसून मान हलवली तेव्हा त्याने नाइलाजाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाबा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आईने फोनवर सांगितलं, "सकाळीच बाहेर पडतात. कुठे जातात सांगत नाहीत. तू काही बोललीस का?"

"मी काहीच बोलले नाही."

"तेच चुकलं. बोलायला हवं होतं," आई म्हणाली.

दुकानात ती एकटी होती. लोक यायचे, तिच्या खांद्यावरून कॅलेंडरकडे बघायचे आणि विचारायचे, कोणी आहे का. आता डॉक्टर-कंपाउंडरचा विनोद करायला कोणी नव्हतं. तिने मशीनं उघडली, दुरुस्त केली, स्वतःच बंद केली. काम भराभर व्हायचं, खरं सांगायचं तर आधीपेक्षा लवकर. झाकण लावायला बाबा वीस मिनिटं घ्यायचे, तिला चार पुरायची. या वाचलेल्या सोळा मिनिटांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. रिकाम्या स्टुलावर ती पाय ठेवायची आणि लगेच काढायची.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, बाबा आले. अंगावर टी-शर्टच होता. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. ते त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि कागद सोडवायला इतका वेळ घेतला की तिचा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला.

आत लाकडाची एक पट्टी होती. वीतभर लांब, गुळगुळीत घासलेली. तिच्यावर ओळीने भोकं पाडलेली होती आणि प्रत्येक भोकाशेजारी शाईने मिलिमीटरचा आकडा. तीन, चार, पाच, सहा, आठ.

"पलीकडच्या रस्त्यावरच्या सुताराकडे बसलो होतो," बाबा म्हणाले. "दोन दिवस. दोन पट्ट्या वाया घालवल्या त्याच्या. भोक बरोबर तेवढंच खोल पाहिजे ना. तीनपासून सुरू करून एकेका भोकात स्क्रू टाकायचा. डोकं पट्टीला टेकलं, तर तो त्या भोकाचा. वर उभा राहिला, तर लांब. बोटांना विचारायचंच नाही. डोळे आहेत अजून."

तिने पट्टी हातात घेतली. भोकं थोडी तिरकी होती, आकडेही. आठाचा आकडा चुकून दोनदा काढला होता.

"बोलला तो उद्धटपणेच," बाबा म्हणाले. "पण चूक बोलला नाही. बोटांचा गर्व होता मला."

टेबलावर एक मशीन तयार पडलं होतं. शेजारी चुंबकाच्या ताटलीत बारा स्क्रू, तीन लांबीचे, एकमेकांत मिसळलेले. तिने ती ताटली बाबांकडे सरकवली. मशीनही सरकवलं. हे मशीन एका नर्सबाईंचं होतं आणि त्या उद्या सकाळी येणार होत्या.

बाबांनी स्टूल ओढलं. पहिला स्क्रू चिमट्याने उचलला, तो निसटला, ताटलीत पडला. परत उचलला. तीन आणि चारच्या भोकांत डोकं वर राहिलं, मग पाचच्या भोकात सोडला. डोकं टेकलं. तो मशीनमध्ये लावला. दुसरा उचलला, चारच्या भोकात सोडला. डोकं वर राहिलं, टाचा उंच करून उभ्या पोरासारखं.

"हा इथला नाही," बाबा म्हणाले आणि तो बाजूला ठेवला.

बारा स्क्रूंना पस्तीस मिनिटं लागली. संपल्यावर तिने मशीन स्वतःकडे ओढलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि एकेक स्क्रू परत काढून पाहिला. मनगटाने वेढे मोजले. चार. चार. नऊ. बाबा बघत होते.

"तपासतेस?"

"हो."

"रोज तपासणार?"

"रोज."

"तपास," ते म्हणाले. "मीही तुझं सोल्डरिंग तपासायचो. तुला कळायचं नाही, एवढंच."

बाराही बरोबर होते. तिने शेवटचा परत घट्ट केला. तेवढ्यात दारात सावली पडली. एक तरुण लॅपटॉप घेऊन उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून कॅलेंडरकडे.

"दुकानात कोणी आहे का?"

बाबांनी मान वर केली नाही. ते लाकडी पट्टीच्या भोकातला भुसा फुंकत होते.

"तिला सांगा," ते म्हणाले. "मी कामात आहे."